आघाडीची तूट आणि न सांगितलेली कपात
(पाबळ येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१९८५ नंतर महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी निम्म्याहून अधिक जागा एकाही पक्षाला स्वबळावर मिळालेल्या नाहीत, आणि १९९५ पासून, मधले काही थोडे दिवस वगळता, राज्याचा कारभार दोन किंवा तीन पक्षांनी मिळूनच चालविला आहे. एका पिढीहून अधिक काळ आघाडी किंवा युती हीच राज्याची नित्याची राज्यव्यवस्था झाली असताना तिच्याविषयीची चर्चा मात्र कोण कोणाबरोबर गेले, कोणी कोणाला सोडले आणि कोणते खाते कोणाच्या वाट्याला आले, एवढ्यापुरतीच घोटाळत राहिली. अनेक पक्षांनी मिळून चालविलेल्या तिजोरीत पैसा कमी पडला म्हणजे कपात नेमकी कोणाच्या वाट्याला येते आणि ती कोण ठरवितो, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असून प्रस्तुत व्याख्यान त्याच प्रश्नापुरते मर्यादित आहे.

प्रथम तुटीचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. कर, शुल्क आणि केंद्राकडून मिळणारा वाटा यांतून वर्षभरात जे उत्पन्न येते त्याला महसुली जमा म्हणतात. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने यांसारख्या चालू गरजांवरचा खर्च हा महसुली खर्च होय, आणि हा खर्च जमेपेक्षा जितका जास्त तितकी महसुली तूट असते. धरण, कालवा, रस्ता, इमारत यांसारख्या टिकाऊ मालमत्तेवरचा भांडवली खर्च त्यात मिळवून, कर्जाखेरीज सर्व जमा वजा केल्यावर जी रक्कम कर्ज काढूनच भरावी लागते, तिला राजकोषीय तूट म्हणतात. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये, महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी दाखविण्यात आली, तर वर्षाअखेर राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज देण्यात आला. या आकड्यांनी लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी तुलना केली तर राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत आणि कर्ज एकोणीस टक्क्यांच्या आसपास राहते, आणि देशातील बहुतेक राज्यांपेक्षा ही स्थिती बरी आहे. चिंतेची बाब महसुली तुटीत आहे, कारण तिचा अर्थ असा की कर्जाच्या पैशाचा एक भाग कालव्यात किंवा रस्त्यात न जाता चालू खर्चात विरून जातो. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबी मिळून महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग घेतात आणि त्यांना कोणतेही सरकार सहसा हात लावू शकत नाही. त्यामुळे कात्री चालविण्याची वेळ आली की ती उरलेल्या भागावरच चालते.

आघाडी सरकारने उघडपणे कपात केली तर काय होते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. मे २०१० च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३०६, मजूर पक्षाला २५८ आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ५७ जागा मिळाल्या, कोणालाही बहुमत नव्हते, आणि २००८ च्या बँकिंग संकटानंतर त्या देशाची वार्षिक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्क्यांवर गेलेली होती. हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन पंतप्रधान आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग उपपंतप्रधान झाले, दोन्ही पक्षांनी कारभाराचा लेखी कार्यक्रम त्याच महिन्यात प्रसिद्ध केला, आणि तूट कमी करण्याला इतर सर्व बाबींपेक्षा अग्रक्रम राहील असे त्यात स्पष्टपणे नमूद केले. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी २२ जून २०१० रोजी तातडीचा अर्थसंकल्प मांडून मूल्यवर्धित कर साडेसतरा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेला आणि २० ऑक्टोबर रोजी प्रत्येक खात्याची पुढील चार वर्षांची खर्चमर्यादा संसदेपुढे ठेवली. आरोग्यसेवा आणि परदेशी मदत यांना संरक्षण मिळाले. स्थानिक संस्थांच्या अनुदानावर मोठी कुऱ्हाड पडली आणि पुढील वर्षांत गावोगावची वाचनालये व युवककेंद्रे बंद होत गेली. अर्थखात्याच्या नाड्या एकाच पक्षाच्या हाती राहू नयेत म्हणून खर्चावर देखरेख करणारे मंत्रिपद लिबरल डेमोक्रॅटांकडे होते, आणि मोठे निर्णय कॅमेरॉन, क्लेग, ऑस्बोर्न आणि हे मंत्रिपद सांभाळणारे डॅनी अलेक्झांडर या चौघांच्या बैठकीत होत.

या धोरणाने ब्रिटनचे भले झाले असे म्हणणे कठीण आहे. ठरविलेल्या मुदतीत तूट नाहीशी झाली नाही, सावरण्याचा वेग मंद राहिला आणि गरीब शहरांच्या नगरपालिकांनी सर्वाधिक सोसले. परंतु कपात कोणी केली याविषयी तेथील मतदाराला शंका उरली नव्हती. विद्यापीठांचे शुल्क वाढू देणार नाही असे लिहून दिलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या मंत्र्यांनी ९ डिसेंबर २०१० रोजी ते वार्षिक नऊ हजार पौंडांपर्यंत वाढविण्याच्या बाजूने मत दिले, आणि २०१५ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या ५७ जागांवरून ८ जागा उरल्या. ब्रिटनमध्ये आघाडी आणि काटकसर यांची गाठ पूर्वीही पडलेली आहे: लॉइड जॉर्ज यांच्या संमिश्र सरकारच्या काळात १९२२ मध्ये गेडेस समितीने खर्चावर चालविलेली कुऱ्हाड आणि १९३१ मध्ये बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करण्याच्या वादातून मजूर पक्षाचे सरकार कोसळून रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे राष्ट्रीय सरकार येणे, ही दोन्ही उदाहरणे तेथील शाळकरी इतिहासात जाऊन बसली आहेत.

महाराष्ट्राची वाट याहून वेगळी आहे. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले तेव्हा कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले ५६० टीएमसी पाणी ३१ मे २००० पर्यंत अडविण्याचा प्रश्न डोक्यावर होता आणि त्यासाठी लागणारा पैसा अर्थसंकल्पात नव्हता. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून त्यावर उपाय काढण्यात आला: महामंडळाने बाजारात रोखे विकावेत, लोकांनी ते घ्यावेत आणि परतफेडीची हमी राज्याने द्यावी. पुढे तापी, विदर्भ, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा ही महामंडळेही उभी राहिली. अर्थसंकल्पाबाहेरील कर्ज ते हेच, म्हणजे कर्ज राज्याचे पण खतावणी दुसऱ्याची, त्यामुळे तूट कागदावर लहान दिसते आणि देणे मात्र पुढच्या सरकारांच्या गळ्यात पडते. भीमा ही कृष्णेची उपनदी असल्यामुळे घोड, कुकडी आणि मुळा-मुठा या नद्यांवरील प्रकल्पही याच महामंडळाकडे आले आणि शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांचे पाणी या रोख्यांच्या हिशेबाशी जोडले गेले.

युतीच्या राजकारणाचा कस येथेच लागतो. उपलब्ध पैशात निवडक प्रकल्प पूर्ण करावयाचे म्हटले तर कोणाच्या तरी मतदारसंघाला थांबा असे सांगावे लागते. काठावरच्या बहुमतावर आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या सरकारला ते परवडत नाही, म्हणून एकाच वेळी असंख्य कामांचे नारळ फुटतात आणि प्रत्येक कामाला थोडाथोडा पैसा मिळून कोणतेच काम वेळेवर पुरे होत नाही. पक्ष बदलले तरी ही रीत पुढच्या आघाड्यांनी सोडली नाही, आणि सिंचनावर खर्च झालेला पैसा व प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांच्यातील अंतर इतके वाढले की नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला सिंचनाची श्वेतपत्रिका काढावी लागली. पूर्व शिरूरमध्ये घोड आणि भीमेच्या काठाने ऊस उभा राहिला, खडकवासल्याच्या कालव्याने दौंडचा मोठा भाग भिजविला, आणि पश्चिमेकडे डिंभे व चासकमान ही धरणे फार दूर नसताना शिरूरच्याच पाबळ-केंदूरचा उंचावरचा कोरडवाहू पट्टा पाण्यासाठी मागण्याच करीत राहिला. उपसा करून पाणी वर आणण्याच्या योजनेला पैसा आणि वीज दोन्ही सतत लागतात. अशा योजनेसाठी मंत्रिमंडळात कोणी हटून बसले नाही तर ती दरवर्षी पुढच्या वर्षावर जाते, आणि असे पुढे जाणे कोणत्याही अर्थसंकल्पात कपात म्हणून नोंदले जात नाही.

तिजोरीच्या विवंचनेशी पाबळचा संबंध याहूनही जुना आहे. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीला ज्या गावांचे उत्पन्न लावून दिले त्यांत पाबळ होते आणि तिची कबरही येथेच आहे. उत्तरेकडे मोहिमांमागून मोहिमा काढणारे हेच पेशवे कर्जाने किती गांजले होते, हे गुरू ब्रह्मेंद्रस्वामींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते. अठराव्या शतकातील त्या कर्जाचा हिशेब रयतेने मागावा अशी व्यवस्था नव्हती. आजची व्यवस्था मतदाराने हिशेब मागावा म्हणूनच उभी आहे, आणि म्हणून तो त्याच्यापुढे न येणे अधिक गंभीर ठरते.

ऑक्टोबर १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या आघाडीचे सरकार विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली आले, तेव्हा पाचव्या वेतन आयोगाचा बोजा, रोख्यांचे व्याज आणि घसरलेले उत्पन्न यांनी तिजोरी खिळखिळी झालेली होती, आणि अर्थमंत्री जयंत पाटील यांच्या काळात श्वेतपत्रिका काढून ही परिस्थिती मांडण्यात आली. एवढे स्पष्ट बोलल्यानंतर कपात मात्र वेगळ्याच मार्गाने झाली. २००० पासून प्राथमिक शाळांत नव्याने लागणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधनावर ‘शिक्षणसेवक’ म्हणून राबविण्यात आले. ते मानधन पुढे सहा हजार झाले आणि सोळा हजारांवर जाण्यास २०२३ उजाडावे लागले. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी मिळू लागली, म्हणजे शाळा काढा पण पगार सरकारकडे मागू नका, असा त्याचा सरळ अर्थ होता. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला तरी त्या शाळांतील शिक्षक टप्पा अनुदानासाठी आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसत राहिले. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. त्याच वर्षी राज्याने वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापनाचा कायदा केला, आणि तुटीची मर्यादा पाळणे हे कायदेशीर बंधन झाले.

या सर्व निर्णयांत एक साम्य आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा त्यातच आहे. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याचा पगार कापला गेला नाही, चालू अनुदानित शाळेचे अनुदान थांबले नाही, कोणत्याही घटक पक्षाच्या चालू योजनेला धक्का लागला नाही. जे अजून आत आलेले नव्हते, ज्यांची संघटना नव्हती आणि ज्यांच्या वतीने मंत्रिमंडळात बोलणारे कोणी नव्हते, त्यांच्यावर सगळा भार टाकण्यात आला. आघाडीत प्रत्येक घटक पक्ष आपापल्या खर्चाचा राखणदार असतो, परंतु न भरलेल्या पदाचा, न निघालेल्या कालव्याचा आणि दुरुस्तीवाचून गळणाऱ्या शाळाखोलीचा राखणदार कोणताच पक्ष नसतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर जो संप झाला तो २००५ च्या निर्णयाला अठरा वर्षांनी मिळालेला जाब होता. इतका उशिरा, की ज्यांनी निर्णय घेतला ते आणि ज्यांना जाब द्यावा लागला ते यांचा मेळच उरला नव्हता.

आघाडीत अर्थखाते कोणाकडे आहे यालाही या संदर्भात मोठा अर्थ आहे. १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांत मुख्यमंत्री काँग्रेसचा आणि अर्थमंत्री राष्ट्रवादीचा हीच विभागणी राहिली, आणि जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा बाहेर पडलेल्या आमदारांच्या तक्रारींत अर्थखात्याकडून निधी मिळत नाही ही तक्रार पुढे होती. तक्रारीचा रोख ज्या तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांच्याकडे होता तेच साधारण वर्षभराने नव्या सरकारचे अर्थमंत्री झाले. जिल्ह्याच्या पातळीवर हीच ओढाताण पालकमंत्रिपदावरून होते, कारण जिल्हा नियोजन समितीचा निधी कोठे जावयाचा हे ठरविण्यात पालकमंत्र्याचा शब्द चालतो. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिक येथील नेमणुका जाहीर होताच स्थगित कराव्या लागल्या त्या याच कारणाने. मार्च २०२२ पासून पुणे जिल्हा परिषद दीर्घकाळ निवडून आलेल्या सदस्यांवाचून प्रशासकाच्या हाती राहिली, तेव्हा या ओढाताणीत गावाच्या बाजूने उभा राहणारा एक आवाजही गेला.

४ मे २०२० रोजी वित्त विभागाने काढलेला शासन निर्णय हा महाराष्ट्राच्या इतिहासातील कदाचित सर्वांत मोठ्या कपातीचा दस्तऐवज आहे. करोनाच्या टाळेबंदीने कराचे उत्पन्न आटले होते. शिवसेना, राष्ट्रवादी व काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीच्या सरकारने त्या वर्षाच्या मंजूर तरतुदीपैकी केवळ ३३ टक्के निधीच विभागांना मिळेल, आरोग्यासारखे मोजके विभाग वगळता नवी भरती होणार नाही आणि नव्या योजना सुरू होणार नाहीत, असे ठरविले. संकट खरे होते आणि आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हेही खरे. परंतु विधिमंडळाने मार्चमध्ये ज्या तरतुदी मंजूर केल्या त्यांचा दोन-तृतीयांश भाग एका विभागाच्या आदेशाने गोठविला गेला, आणि त्यासाठी सभागृहाची परवानगी लागली नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०५ नुसार मंजुरीहून जास्त खर्च करावयाचा असेल तर सरकारला पुरवणी मागण्या घेऊन विधिमंडळापुढे यावे लागते. मंजुरीहून कमी खर्च करण्याला मात्र अशी कोणतीही अट नाही. अर्थसंकल्पातील आकडा ही खर्चाची कमाल मर्यादा असते, वचन नसते. निधी ‘वितरित’ करावयाचा की नाही, किती आणि कोणत्या महिन्यात, हे वित्त विभाग ठरवितो, आणि मार्चअखेरीस न खर्चलेला पैसा परत जातो. २०१७ मध्ये ३४,०२२ कोटींच्या शेतकरी कर्जमाफीची घोषणा झाली तेव्हाही इतर विभागांच्या तरतुदींना अशीच मधूनच कात्री लागली होती.

अलीकडील उदाहरण अधिक नाजूक आहे. २८ जून २०२४ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीस काही महिने उरलेले असताना, २०२२ नंतर आलेल्या महायुती सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देऊ केले आणि वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील असे सांगितले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. या योजनेला तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. कांद्याच्या वावरात दिवसभर वाकणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात दरमहा काही रक्कम जमा होणे ही तिच्या आयुष्यात किरकोळ बाब नाही. आक्षेप योजनेला नसून पैसा कोठून येणार हे न सांगण्याला आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये या योजनेकडे वळविल्याचे दिसले, आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२३ मध्ये सुरू झालेली एक रुपयातील पीकविमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. त्याआधीच, पटावरून शिक्षकपदे ठरविणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे अडचणीत आली, आणि त्याची झळ शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांना बसते. वाबळेवाडीसारखी जिल्हा परिषदेची शाळा लोकवर्गणी आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून उभी राहू शकते, कारण शेजारी शिक्रापूर-रांजणगावची कारखानदारी आहे. कोरडवाहू वस्तीवरच्या शाळेला तो आधार नसतो.

महाराष्ट्राला खर्चाचा स्पष्ट हिशेब मांडण्याची परंपराच नाही असे नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून वाढलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली, आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. कराचे जेवढे उत्पन्न येईल तेवढीच भर राज्याने घालावयाची असे ठरले. मुंबई-पुण्याचा पगारदार खेड्यातील मजुराच्या कामासाठी किती देतो, हे त्याच्या पगारपत्रकावर छापून येत असे. कोणता खर्च, कोणासाठी आणि कोणाच्या खिशातून, या तिन्हींची उत्तरे एकाच वेळी देणारी अशी दुसरी योजना राज्याच्या इतिहासात विरळाच. त्यापूर्वी २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात उलट बाजूने हाच मुद्दा मांडला होता: दुष्काळाच्या वर्षांतही सरकारकडे शिल्लक राहते याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जाते, आणि तिजोरीची प्रकृती लोकांच्या प्रकृतीपासून वेगळी काढून पाहता येत नाही. मिठावरचा कर पुढच्याच वर्षी कमी झाला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी प्रांतांच्या खर्चाचा आणि त्यांच्या जबाबदारीचा संबंध तपासला होता, आणि तो प्रश्न वस्तू व सेवा कराने राज्यांची करकक्षा आकुंचित केल्यानंतर व अनुच्छेद २९३ नुसार कर्जासाठी केंद्राच्या संमतीची गरज असताना अधिकच तीव्र झाला आहे.

ब्रिटनच्या काटकसरीचे अनुकरण महाराष्ट्राने करावे असा या विवेचनाचा आग्रह नाही. तेथील कपात जितकी उघड होती तितकीच ती अनेक ठिकाणी क्रूर होती. घेण्यासारखी बाब आहे ती मांडणीची. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम प्रसिद्ध केला, पण त्यातील आश्वासनांना किती खर्च येईल आणि तो कशातून निघेल याचा ताळेबंद त्यात नव्हता. यापुढे एकत्र येणाऱ्या पक्षांनी तो ताळेबंद आपल्या करारातच द्यावा. वर्षाच्या मध्यात मंजूर तरतुदीपैकी ठरावीक टक्क्यांहून अधिक रक्कम रोखली जाणार असेल, तर वाढीव खर्चासाठी पुरवणी मागण्या येतात तसाच कपातीचा प्रस्तावही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे यावा आणि त्यावर मतदान व्हावे; एका घटक पक्षाच्या अर्थमंत्र्याने दुसऱ्याच्या खात्याचा निधी अडविला तर त्याचे कारण तेथे द्यावे लागेल. आणि मंजूर रक्कम, वितरित रक्कम व प्रत्यक्ष खर्च यांचे तालुकानिहाय तक्ते, जे आज विभागांच्या संगणकप्रणालीत असतातच, ते दर तिमाहीस मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जावेत, म्हणजे पाबळच्या ग्रामसभेत उपसा योजनेचा किंवा शाळाखोलीचा विषय निघाल्यावर पैसा मंजूरच झाला नव्हता, की मंजूर होऊन मुंबईत अडला, की पुण्यापर्यंत येऊन मार्चअखेर परत गेला, हे सरपंचाला कागद दाखवून सांगता येईल.